आईच्या वाट्याला आलेला उद्गार

बोरिवली स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांकडे कैऱ्या दिसायला लागल्या की मला कळतं, आमचे उपवासाचे दिवस आले. कॅलेंडर बघावं लागत नाही. नॅशनल पार्कच्या बाजूला काटेसावर लाल होते, सोसायटीतल्या दहावी-बारावीच्या पोरांचे चेहरे उतरतात, गच्चीवर शेजारच्या सावंतकाकूंचे पापड वाळत पडतात, आणि आम्ही ख्रिस्ती माणसं राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत काही ना काही सोडून बसतो. कोणी मटण सोडतं, कोणी चहा, कोणी संध्याकाळची सिरीयल. मी एका वर्षी मोबाईल सोडायचं ठरवलं होतं, ते दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं.

आई दरवर्षी मटण-मासे सोडते. तिला ते काही जड जात नाही. भाकरी, पिठलं आणि कैरीची चटणी असली की ती राजी. तिच्या जिभेला खाण्याचं कौतुक कधीच नव्हतं, तिच्या जिभेचं खरं काम वेगळंच.

आई, म्हणजे आमच्या भागातल्या साळवेबाई. मराठी शाळेत जन्मभर शिकवलं. अजूनही भाजी घ्यायला निघाली तर वाटेत दोन टकलू माणसं स्कूटर थांबवून तिच्या पाया पडतात आणि ती त्यांना रस्त्यातच विचारते, पोट एवढं कसं सुटलं रे? तिचा आवडता शब्द 'बिनडोक'. वर्गात बिनडोक, घरात बिनडोक, टीव्हीवर बातम्या वाचणारा बिनडोक. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्या मनात काही नसतं, असं आम्ही सगळे म्हणायचो. मनात नसतं हे खरंच आहे. सगळं तोंडात असतं, आणि समोरच्याला तोंडातलंच ऐकू येतं ना.

एकदा तिचा जुना विद्यार्थी घरी आला होता. बँकेत मोठा साहेब झालाय. चहा पिता पिता हसत हसत म्हणाला, बाई, तुम्ही मला सातवीत वर्गासमोर म्हणाला होतात, तुझ्या डोक्यात देवानं भुसा भरलाय. अजून आठवतं. आईही हसली, म्हणाली, म्हणून तर एवढा शिकलास. मी कप उचलायला गेले तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. तोंड हसत होतं, पण एवढी वर्षं गेली तरी त्याला ते वाक्य शब्दन् शब्द पाठ होतं. बाईंनी शिकवलेली कविता त्याला आठवत होती की नाही, देव जाणे.

आता मी कोण मोठी शहाणी लागून गेलेय म्हणा. मीही तिचीच मुलगी. रिक्षावाल्यानं मीटर पाडायला उशीर केला तर माझ्या तोंडून जे निघतं ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नसतं. आपल्या मुंबईत तर प्रेमसुद्धा शिवी घातल्याशिवाय पोचत नाही. 'काय रे गाढवा, होतास कुठे?' असं कोणी विचारलं की ऐकणाऱ्याचा जीव सुखावतो. मग कुठल्या गाढवानं सुखावतं आणि कुठल्या गाढवानं जखम होते, हे ओळखायचं कसं? मला वाटतं, ऐकणाऱ्याच्या शेजारी त्या वेळी कोण उभं होतं, त्यावर बरंच असतं. दोघांतच म्हटलेलं विरून जातं, चारचौघांत म्हटलेलं राहतं.

काही वर्षांपूर्वीचा एक उपवासकाळ या सगळ्यामुळे माझ्या लक्षात राहिलाय. त्या वर्षी माझा मामा आमच्याकडे येत नव्हता.

मामाचं नाव शांतवन. आमच्यात अशी नावं असतात. मी करुणा, मामा शांतवन. माझ्या नावाचं काय झालं ते वर सांगितलंच, पण मामाचं नाव मात्र त्याला शोभतं. आईहून लहान, सडपातळ, बोलणं इतकं हळू की फोनवर तो बोलतोय की लाईन कट झालीय ते कळत नाही. राहतो दहिसरला, नदीच्या अलीकडे. दर रविवारी त्याच्या चर्चची उपासना झाली की तो बसनं आमच्याकडे यायचा. येताना कधी जांभळं, कधी शेवग्याच्या शेंगा. आई त्याला दारातच सुरू करायची, हे काय आणलंस, किडकं आहे, तुला कोणीही फसवतं. मामा चप्पल काढत हसायचा. मग दुपारभर दोघं आजोबांच्या वेळची गीतं गुणगुणत बसायची. पाच भावंडांपैकी ही दोघंच उरलेली.

भांडण झालं ते पेटीवरून. आजोबा नगरकडून मुंबईत आले ते शाळामास्तर म्हणून, आणि येताना पेटी घेऊन आले. त्याच पेटीवर सगळी भावंडं गायला शिकली. आजोबा गेल्यावर ती मामाकडे राहिली. मामाच्या घरात आता कोणी वाजवत नव्हतं, भाता फाटत चालला होता. विरारच्या पुढे एक लहानशी ख्रिस्ती मंडळी नव्यानं जमायला लागली होती, त्यांच्याकडे वाद्यच नव्हतं. मामानं पेटी दुरुस्त करून त्यांना देऊन टाकली. आईला विचारलं नाही.

आईला हे कळलं ते मामाच्या नातवाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात. पंगत बसलेली, मामाच्या सुनेचे, म्हणजे अश्विनीचे आईवडील पहिल्यांदाच सगळ्यांमध्ये आलेले, आणि मामा बिचारा आनंदानं सांगायला गेला की बाबांची पेटी आता दर रविवारी वाजते बरं का ताई. आईच्या हातातला घास हातातच राहिला. मग जो तोफखाना सुटला. बिनडोक तर झालंच, त्याची आम्हाला सवय होती. पण ती तिथे थांबली नाही. अश्विनीच्या वडिलांकडे वळून म्हणाली, ह्यानं आयुष्यात एक गोष्ट धड केलेली नाही, तुमच्या मुलीचं कसं होणार तेच मला कळत नाही.

 वाढप्याच्या हातातून भाताचं भांडं घेऊन मामा पुढच्या पंगतीला वाढायला गेला. अश्विनी मान खाली घालून बसली होती. त्या दिवसानंतर तो आमच्याकडे यायचा बंद झाला. भांडायला आला नाही, फोनवर काही ऐकवलं नाही. मी फोन केला तर माझ्याशी नेहमीसारखा बोलायचा, फक्त 'ताई कशी आहे' हे विचारायचा नाही.

आईचं म्हणणं साधं होतं. चूक त्याची. पेटी बाबांची होती, एकट्याची नव्हती. तो लहान आहे, त्यानं यायचं. मी चार गोष्टी सांगून पाहिल्या, पालथ्या घड्यावर पाणी. पण रविवारी दुपारी जेवणं झाली की ती उगाच दार उघडून जिन्यात बघून यायची आणि मला म्हणायची, केरवाली अजून आली नाही वाटतं. रविवारी आमची केरवाली येतच नाही.

असं जवळजवळ वर्ष गेलं आणि उपवासकाळ आला.

आमच्या चर्चमध्ये एक रीत आहे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर असताना प्रभूनं सात वेळा तोंड उघडलं, त्या सात उद्गारांवर मंडळीतली सात साधी माणसं एकेक करून बोलतात. पाळकसाहेब त्या दिवशी नुसते बसून ऐकतात. कोणी कशावर बोलायचं ते उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी चिठ्ठ्या टाकून ठरतं, म्हणजे तयारीला भरपूर दिवस मिळतात. तुमच्या वाट्याला आलेला उद्गार तुम्ही तेवढे दिवस जवळ बाळगायचा, अशी कल्पना. आईचं नाव त्या वर्षी पहिल्यांदाच सातांत आलं होतं. तिनं चिठ्ठी उघडली, चष्मा वर केला, परत वाचली. पहिला उद्गार. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी बापाजवळ मागितलेली क्षमा.

मागच्या बाकावरून कोणीतरी खोकलं. आमची मंडळी लहान आहे, सगळ्यांना सगळं माहीत असतं.

मला वाटलं होतं ती चिठ्ठी बदलून मागेल. छे. हरेल ती साळवेबाई कसली? तिनं दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू केली, आणि तयारी म्हणजे शाळा तपासणीला साहेब येणार असल्यासारखी. सकाळी गॅलरीत उभं राहून मोठ्यानं म्हणून बघायची. सावंतकाकू पलीकडच्या गॅलरीतून पापडांवर नजर ठेवत ऐकायच्या. त्या मालवणच्या, गणपतीला आम्हाला मोदक देणाऱ्या आणि नाताळात आमच्या करंज्या घेऊन जाणाऱ्या. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाय माझे, आमचा बरा. तिळगूळ घ्या, गोड बोला, एका दिवसात काम संपला. तुमका चाळीस दिवस गोड बोलूचा म्हणजे शिक्षाच गो." मी म्हटलं, काकू, बोलतंय कोण गोड? आम्ही नुसतं मटण सोडतो.

भाषण मात्र उत्तम झालं होतं, खोटं कशाला बोलू. ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. दहापैकी दहा मार्क. मी म्हटलं, आई, सगळं छान आहे, पण मामाचं काय? तिनं कागदांची घडी घातली आणि म्हणाली, ते वेगळं. मी क्षमा करायला केव्हाही तयार आहे, त्यानं मागायला तर हवी.

मग मधल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी रागावर उपदेश केला. त्यांच्या मनात आई होती की सहज विषय आला, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. साधा माणूस, आवाज चढवत नाही. म्हणाले, आपण उपवास करतो तो तोंडात जाणाऱ्या गोष्टींचा. पण प्रभूला चिंता होती ती तोंडातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींची. खून करू नये हे आपल्याला पाठ आहे, त्यामुळे आपण स्वतःला सज्जन समजून निवांत झोपतो. प्रभूनं मात्र भावावर धरलेला राग आणि भावाला हासडलेली शिवी याच ओळीत आणून बसवली. माणूस जीभ उचलतो आणि समोरच्याचं माणूसपण पुसून टाकतो, तेही मारणंच. आई पुढच्या बाकावर बसून त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू काही त्यांचं शुद्धलेखन तपासतेय.

पुढे ते म्हणाले, तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला भाऊ आठवला, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाकडे जा. आणि नीट ऐका मंडळी, इथे आपली नेहमी गफलत होते. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं प्रभूनं म्हटलेलं नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं म्हटलंय. चूक कोणाची हा प्रश्नच तिथे नाही. दुखावलेला कोण आहे, एवढंच बघायचं, आणि ज्याला आठवलं त्यानं निघायचं.

घरी येताना आई रिक्षात तावातावानं बोलत होती. हे पाळक अजून पोरगेलेसे आहेत, त्यांना घरातल्या गोष्टी काय कळतात, पेटी त्यांच्या बाबांची थोडीच होती.  मूग गिळून बसायची कला मी त्या एका उपवासकाळात शिकले. घरी आल्यावर आई गॅलरीत गेली आणि बराच वेळ भाषण न म्हणता नुसतीच उभी राहिली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण पीळ जरा सैल झाला असावा, कारण त्या आठवड्यात तिनं बातम्यांवाल्याला एकदाही काही म्हटलं नाही.

उत्तम शुक्रवार उजाडला तो घामाच्या धारा घेऊनच. आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसून, उपाशीपोटी चर्चमध्ये गेलो. पंखे गरगरत होते आणि गरम वाराच अंगावर टाकत होते. चर्च गच्च भरलेलं, मागे माणसं उभी. एक गीत झालं, प्रार्थना झाली आणि पाळकसाहेबांनी आईचं नाव घेतलं. ती कागद घेऊन वर गेली. वाचायचा चष्मा लावला. कागद उलगडले. 

ती उभीच राहिली. मी पुढच्या बाकावर होते, तिनं एकदा कागदाकडे बघितलं, एकदा समोर. जन्मभर वर्गासमोर उभी राहिलेली बाई, तिला सभाधीटपणा कोणी शिकवायचा? मला वाटलं उपासानं चक्कर आली. मी अर्धवट उठलेसुद्धा. तेवढ्यात ती माईकमध्ये म्हणाली, "मंडळी, आज हे माझ्यानं होणार नाही." कागद तिनं तिथेच उपदेशाच्या पुलपिटावर ठेवले, वरून चष्माही ठेवला, आणि बाजूच्या दारानं सरळ बाहेर चालू लागली.

मी पर्स उचलून मागे धावले. बाहेर डोळे दिपतील असं ऊन. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून रिक्षाला हात करत होती. मी विचारलं, आई, बरं वाटत नाही का, डॉक्टरकडे जाऊया का? ती रिक्षात बसत रिक्षावाल्याला म्हणाली, दहिसर. नदीच्या पुलाअलीकडे सोड.

सुट्टीचा दिवस, हायवे मोकळा. सबंध वाटेत ती एक अक्षर बोलली नाही. रिक्षावाल्यानं एक वळण चुकवलं, तरी नाही. मला तिची काळजी वाटायला लागली ती तेव्हा. मामाच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. गुडघ्यावर हात टेकत, प्रत्येक मजल्यावर थांबत ती वर चढली. मी हात पुढे केला तर घेतला नाही.

मामीनं दार उघडलं आणि आम्हाला बघून ती बघतच राहिली. आई म्हणाली, शांतू कुठाय?

"अहो वन्सं, हे तर तुमच्याच चर्चमध्ये गेलेत," मामी म्हणाली. "तुम्हाला पहिला उद्गार आलाय, कोणाकडून तरी कळलं होतं यांना. मला म्हणाले, मागे उभा राहून ऐकतो आणि येतो, ताईला कळणार पण नाही."

आई मटकन खुर्चीत बसली. मला सगळं एकदम लख्ख दिसलं. मामा मागे, उभ्या माणसांमध्ये. ताई वर जाते, चष्म्यातून समोर बघते, थबकते, आणि हे माझ्यानं होणार नाही म्हणून निघून जाते. त्याला काय वाटलं असेल ते सांगायला कोणाची गरज नव्हती. मामीनं फोन लावला तर बंद. चर्चमध्ये जाताना तो बंदच करतो. आई एवढंच म्हणाली, त्याला वाटलं असणार मी त्याला बघून उठले. मग तिनं पदर डोळ्यांना लावला. आईला रडताना मी त्याआधी फक्त आजोबा गेले तेव्हा पाहिलं होतं.

किती वेळ बसलो कोण जाणे. मामी पाणी घेऊन आली, उपास असल्यामुळे कोणी घेतलं नाही. आतल्या खोलीत अश्विनी बाळाला झोपवत होती, तिचा अंगाईचा आवाज येत होता. खिडकीतून दिसणारी नदी उन्हानं आटून बारीक झाली होती. आईची नजर दाराकडे.

मग जिन्यात पावलं वाजली, हळू हळू, दमलेल्या माणसाची. दार उघडंच होतं. मामा आत आला, घामानं शर्ट चिकटलेला, चेहरा काळवंडलेला. आईला बघून तो दारातच थांबला. इतका हळू बोलला की पंखा बंद करावासा वाटला.

"ताई, मी मागे उभा होतो फक्त. तेवढंसुद्धा नको झालं तुला?"

आई उठून उभी राहिली. "तू मला दिसलाच नाहीस रे शांतू. वाचायच्या चष्म्यातून मला लांबचं काय दिसणार? मी तुझ्याकडे यायला उठले."

मामा तसाच उभा. ऐकलेलं आत उतरायला त्याला वेळ लागत होता. मला वाटलं, झालं, आता दोघं रडतील आणि मिटेल. पण आई शेवटी मास्तरीण, अर्धवट काम तिला चालत नाही. तिनं आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, अश्विनी, जरा बाहेर ये बाळ. अश्विनी बिचकत बाहेर आली. मामा म्हणाला, अगं तिला कशाला? आई म्हणाली, तिच्यासमोर बोलले होते ना.

"अश्विनी, त्या दिवशी मी तुझ्या सासऱ्याविषयी म्हणाले, ह्यानं आयुष्यात एक गोष्ट धड केली नाही. ते खोटं आहे. आमचे बाबा शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं सगळं ह्यानं केलं. अंघोळ, जेवण, सगळं. मी शाळा करत होते, रविवारी येऊन चुका काढत होते. हे तुला माहीत असायला हवं." मग मामाकडे वळून म्हणाली, "शांतू, मला क्षमा कर."

'सॉरी' नाही, 'जाऊ दे ना रे' नाही. मी तिच्या तोंडून ते तीन शब्द त्याआधी कधी ऐकले नव्हते. आमच्या घरी माफी मागायची पद्धत म्हणजे दुसऱ्या दिवशी आवडीची भाजी करायची. त्या दिवशी मला कळलं की भाजीनं भागत नाही. बोलून मोडलेलं असतं ते बोलूनच जोडावं लागतं, आणि जिथे मोडलं तिथेच. पाळकसाहेबांचा उपदेश मी बाकावर बसून ऐकला होता. खरा ऐकला तो दहिसरच्या त्या खोलीत.

मामानं मान डोलावली.  मग तो म्हणाला, पेटी देण्याआधी मी तुला विचारायला हवं होतं ताई, तुझीही होतीच ती. आई म्हणाली, हो, विचारायला हवंच होतं. सुंभ जळाला होता, पीळ होताच. पण लगेच तिनं अश्विनीला सांगितलं, तुझ्या आईचा नंबर लाव. मामा हात जोडायला लागला, ताई, पुरे गं, आता त्यांना कशाला. आई ऐकते होय! भर दुपारी, उत्तम शुक्रवारी, अश्विनीच्या आईवडिलांना फोनवर एकापाठोपाठ एक तेच सगळं ऐकावं लागलं. पलीकडून ते बिचारे, अहो नाही नाही, आम्ही केव्हाच विसरलो, असं म्हणत होते. विसरले बिसरले काही नव्हते, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. फोन ठेवता ठेवता मात्र त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

तीन वाजून गेले तेव्हा मामीनं उपास सोडायला गुळाचं पाणी आणि घावन आणले. आम्ही सगळे खाली चटईवर बसलो. खाताना मामा म्हणाला, ताई, आता आपलं वय झालं. वर्ष वर्ष रागवायला आपल्याकडे वर्षं आहेत कुठे? सूर्य मावळायच्या आत राग मिटवावा, असं लहानपणी आई आपल्याला सांगायची, तेच करू. भांडण झालं तर त्याच दिवशी उजेड आहे तोवर मिटवायचं. एकदा तू आधी बोलायचं, पुढच्या वेळी मी. चूक कोणाची ते बघायचं नाही, पाळी कोणाची तेवढं बघायचं. आईनं विचार केला आणि म्हणाली, चालेल, पण आजची माझी झाली, हे लक्षात ठेव.

आता तुम्हाला वाटेल की त्यानंतर दोघं गुण्यागोविंदानं राहिली. कसली हो! भांडतातच. आई अजून तशीच आहे, फक्त बोलायच्या आधी एक श्वास घेते, आणि कधी कधी त्या श्वासातच वाक्य गिळते. गिळलं की तिचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होतो, आणि आम्ही हसू दाबतो. कैऱ्यांचे दिवस आले की मला हे सगळं आठवतं आणि फार बरं वाटतं. संत माणसं असतील कुठे तर असोत. मला माझी ही दोन म्हातारी पुरेत.

परवाच्या रविवारचीच गोष्ट. यंदाचा उपवासकाळ सुरू झालाय. मामा आला होता, शेवग्याच्या शेंगा घेऊन. दुपारी कशावरून तरी जुंपली. मला वाटतं आजोबा एका गीताचं दुसरं कडवं आधी म्हणायचे की तिसरं, यावरून. मामाचा आवाज चढला, म्हणजे मला स्वयंपाकघरात ऐकू आला, यावरून समजा. तो म्हणाला, तुला काही आठवत नाही, उगाच हेका धरतेस. आणि चहा न घेताच निघून गेला.  आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली. मी विचारलं, फोन लावून देऊ का? ती म्हणाली, पाळी त्याची आहे.

समोर गोराईच्या बाजूला सूर्य उतरत होता, इमारतींच्या मधल्या फटीत येऊन टेकला होता. मी दिवा लावायला उठले तर म्हणाली, थांब, लावू नकोस अजून. फोन तिच्या मांडीवर. मी उगाच कपड्यांच्या घड्या घालत तिथेच घुटमळत राहिले. माझाच जीव टांगणीला लागला होता. अर्धा सूर्य गेला, आणि फोन वाजला. मामा दहिसरला बसमधून उतरत असावा, मागे हॉर्नचा गोंगाट. तो काय बोलला ते मला कळलं नाही, एक तर त्याचा आवाज, त्यात तो गोंगाट. आई कानाला फोन दाबून ऐकत राहिली. बराच वेळ ऐकलं. मध्ये तोडलं नाही, दुरुस्ती केली नाही.

मग म्हणाली, "बरं. घरी पोचलास की फोन कर."